पाल कुठून सुटली? तोमा काराजू आणि तीन प्रयोगांत बंद पडलेलं नाटक

एकांकिकेच्या पोरांना मी हे प्रकरण नेहमी सांगतो. विनोदी नट, सरकारी थिएटर, मान्यता मिळालेलं नाटक आणि तरी तिसऱ्या प्रयोगानंतर पडदा, असं हे प्रकरण आहे. गाव रुमानियाची राजधानी बुखारेस्ट, साल 1972, राज्य कम्युनिस्टांचं. यातल्या अधिकाऱ्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. माणसं बदलली असती तरी त्या खुर्चीने तेच केलं असतं.

पार्श्वभूमी

तोमा काराजूचा जन्म 21 ऑगस्ट 1925 चा, उत्तर ग्रीसमधल्या एका गावचा. घर आरोमानी. बाल्कन प्रदेशात विखुरलेल्या या समाजाची भाषा रुमानियनच्या जवळची, पण वेगळी. कुटुंब रुमानियात आलं आणि प्लोयेश्तला स्थिरावलं. बुखारेस्टच्या उत्तरेला साठएक किलोमीटरवरचं, तेलशुद्धीकरण कारखान्यांचं हे शहर. घरात तीन मुलं. एक बहीण, माटिल्डा, पुढे नावाजलेली भाषाशास्त्रज्ञ झाली आणि आरोमानी भाषेवर तिने मोठं काम केलं. दुसरी, जेता, शिल्पकार झाली. तोमाने वकिलीचं शिक्षण घेऊन पाहिलं, सोडलं आणि नाट्यशिक्षणाकडे वळला. 1949 मध्ये तो पदवीधर झाला.

1953 मध्ये, वयाच्या 28 व्या वर्षी, त्याला प्लोयेश्तच्या सरकारी थिएटरचा संचालक केलं. तिथे त्याने 12 वर्षं काढली आणि 34 भूमिका केल्या. जिल्ह्याच्या गावी थिएटर चालवणं म्हणजे काय, हे ज्याने हौशी संस्थेचं सचिवपद केलंय त्याला वेगळं सांगायला नको. बल्ब गेला तरी माणूस तुमच्याकडेच येतो. वरून फर्मान आलं की त्याखाली सहीही तुमचीच. म्हणून ही 12 वर्षं मी नुसती उमेदवारी धरत नाही. सरकारी कागद कसा हलतो, कुठे अडतो आणि कुणाच्या टेबलावर गेला की परत येत नाही, हे काराजू आतून शिकला होता. पुढे त्याची नजर पाहिली की हे आठवतं. साहेबाचा नोकर आणि नोकराचा साहेब या दोन्ही भूमिका त्याने खऱ्या आयुष्यात करून झाल्या होत्या.

1965 मध्ये दिग्दर्शक लिव्यू चुलेईने त्याला राजधानीतल्या बुलांद्रा थिएटरमध्ये बोलावलं. चुलेई त्या वेळी मोठं नाव. त्याच वर्षी कान महोत्सवात त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला होता. काराजूने संचालकाची खुर्ची सोडली आणि कंपनीतला एक नट म्हणून दाखल झाला. चाळिशीत पायरी उतरायला हिंमत लागते.

अडचण कुठे सुरू झाली

साठच्या दशकाच्या शेवटी रुमानियात थोडं मोकळं वारं होतं. 1971 च्या उन्हाळ्यात देशाचा सर्वेसर्वा चाउशेस्कू चीन आणि उत्तर कोरियाचा दौरा करून आला. तिथले लाखांचे संचलन-सोहळे त्याच्या मनात भरले. जुलैत त्याने कला-साहित्यासाठी नवी सूत्रं जाहीर केली. कलेने पक्षाला हवा तसा माणूस घडवायला मदत करायची, असा त्यांचा सूर होता.

त्यानंतर वर्षभराने, सप्टेंबर 1972 मध्ये, बुलांद्राने गोगोलचं 'इन्स्पेक्टर जनरल' काढलं. दिग्दर्शक लुचियान पिंतिलिये, नगराध्यक्षाच्या भूमिकेत काराजू. पु. लं.नी 'अंमलदार' या नावाने मराठीत आणलं ते हेच नाटक. राजधानीहून गुप्तपणे तपासनीस येणार, या बातमीने एका आडगावचे लाचखोर अधिकारी हादरतात आणि खानावळीत उधारीवर राहिलेल्या एका फाटक्या पोराला तपासनीस समजून डोक्यावर घेतात.

पहिल्या अंकातला एक तुकडा जवळून बघण्यासारखा आहे. नगराध्यक्ष घाईघाईने हुकूम सोडतोय. दवाखान्यातल्या रोग्यांना स्वच्छ टोप्या घाला. चांभाराच्या दुकानाजवळचं जुनं कुंपण पाडा आणि तिथे गवताची खूण लावलेला खुंट रोवा, म्हणजे काही आखणी चालू आहे असं दिसेल. मोडतोड जितकी जास्त, तितका नगराधिपाचा कारभार मोठा दिसतो, हे त्याचंच तत्त्वज्ञान. देवळासाठी पाच वर्षांपूर्वी पैसे मिळाले होते, त्याबद्दल कुणी विचारलं तर सांगायचं, बांधायला घेतलं होतं पण जळलं. आणि या गडबडीत तो डोक्यावर टोपीऐवजी टोपीचा खोका चढवायला जातो.

आता हे अशा देशात बघा, जिथे नेता पाहणीला यायचा म्हटलं की रस्त्याकडेच्या भिंती रातोरात रंगत. दिग्दर्शकाला एक शब्दही बदलावा लागत नाही.

तिसऱ्या प्रयोगानंतर नाटक बंद झालं. चुलेईचं थिएटरचं नेतृत्व गेलं. पिंतिलियेला देशात रंगमंचावर काम करणं अशक्य झालं. त्याचा एक चित्रपट त्याआधीच थिएटरांतून उचलला गेला होता, त्यामुळे त्याच्या नावापुढे फुली होतीच.

गंमत अशी की 1836 मध्ये या नाटकाचा पहिला प्रयोग झाला तेव्हा खुद्द झार निकोलस पहिला हजर होता आणि तो हसला होता. सगळ्यांना चपराक बसली आणि मला सर्वांत जास्त, असं तो म्हणाल्याचं सांगतात. झारला जे पचलं ते 136 वर्षांनंतरच्या कॉम्रेडांना पचलं नाही.

कागद आणि प्रयोग

या प्रकरणाची नस इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

बंदी घालणाऱ्यांकडे संहितेविरुद्ध बोलायला तोंड नव्हतं. नाटक रशियन, अभिजात, शाळा-कॉलेजात शिकवलं जाणारं. कागदावर आक्षेप घेण्यासारखी एक ओळ नाही. आक्षेप होता तो त्या ओळी म्हणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याला आणि त्या ऐकून हसणाऱ्या प्रेक्षागृहाला. शेवटच्या अंकात फसवणूक उघडी पडते तेव्हा नगराध्यक्ष समोर बघून विचारतो, "हसताय कशाला? स्वतःलाच हसताय!" ही ओळ गोगोलची आहे. ती कुठल्या रांगेकडे बघून म्हणायची, हे मात्र गोगोल लिहीत नाही.

आपल्याकडेही संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, शिक्का घेऊन येते. शिक्का कागदावर असतो. संध्याकाळी सव्वासातला नट काय करतो यावर शिक्का मारायची सोय अजून कुणाला सापडलेली नाही.

रुमानियनमध्ये यासाठी एक शब्द आहे, 'शोपर्ला'. त्याचा अर्थ सरडा किंवा पाल. सेन्सॉरच्या हाताखालून निसटून प्रेक्षकांपर्यंत पोचलेली खोचक ओळ म्हणजे पाल. फट असली की ती सुटते, आणि पकडायला गेलात तर शेपूट हातात राहतं. आपल्याकडे मनात शंकेची पाल चुकचुकते, तिकडे सेन्सॉरच्या मनात ती चुकचुकायच्या आत नटाने तिला पलीकडच्या भिंतीवर पोचवायचं असतं.

समोर कोणते रस्ते होते

1972 च्या त्या शरद ऋतूत काराजू 47 वर्षांचा होता. नाव होतं, लोकप्रियता होती आणि कंपनीचे दोन्ही खांब निखळले होते. त्याच्या जागी कुणीही असता तरी रस्ते मोजकेच होते.

भांडायचं. पण कुणाशी, कुठे? त्याच साली मुंबईत एका नाटकावर गदा आली तेव्हा दिग्दर्शक उच्च न्यायालयात गेला आणि जिंकून आला. बुखारेस्टमध्ये जायला असं दार नव्हतं. बंदी घालणारा, अपील ऐकणारा आणि पगार देणारा, तिघेही एकच.

देश सोडायचा. पिंतिलिये फ्रान्समध्ये आणि अमेरिकेत नाटकं बसवू लागला. चुलेई पुढे 1980 मध्ये मिनियापोलिसच्या गथ्री थिएटरचा कलादिग्दर्शक झाला. दिग्दर्शकाची कला सीमेवर जप्त होत नाही. प्रकाश, हालचाल, नेपथ्य कुठल्याही भाषेत उभं करता येतं. विनोदी नटाची कला त्याच्या भाषेच्या पोटात असते. काराजूचा खर्जातला, किंचित खरखरीत आवाज, मिशीखाली अर्धवट दाबलेला शब्द, एखादा गावरान हेल, हे सगळं पॅरिसमध्ये उतरवलं असतं तर उरलं असतं फक्त एका जाडजूड मिशीवाल्या माणसाचं विचित्र उच्चारातलं फ्रेंच. माझ्या मते हा रस्ता त्याच्यापुरता कागदावरच होता.

गंभीर भूमिकांत दडी मारायची. हे त्याला सहज जमलं असतं. त्याला नुसता विनोदी नट म्हणणारे त्याचा अर्धाच भाग बघतात.

किंवा राहायचं, आणि तोफेऐवजी टाचणी वापरायची.

काय केलं

तो राहिला. बुलांद्रातच राहिला, मरेपर्यंत. पण त्याचं वजन हळूहळू दुसऱ्या पारड्यात सरकत गेलं, टीव्ही आणि सिनेमाच्या.

टीव्हीचा रस्ता आधीपासून चालू होता. रुमानियात नववर्षाच्या पूर्वसंध्येचा मनोरंजनाचा कार्यक्रम म्हणजे घरोघरचा सण. जेवणं, पेले, पाहुणे आणि कोपऱ्यात चालू असलेला कृष्णधवल संच. त्यात काराजूचं स्वगत असायचं. एकटा माणूस, कॅमेऱ्याकडे तोंड. मजकूर दान मिहाएस्कू, ग्रिगोरे पोप, ओक्ताव्हियान सावा यांच्यासारख्या लेखकांचा. कधी सोबतीला गायिका-अभिनेत्री आंदा कलुगरियानू. या कार्यक्रमांच्या दिग्दर्शकांपैकी एक तरुण माणूस होता, अलेक्झांद्रू बोकनेत्स. त्याचं नाव पुढे परत येईल.

आता तंत्र. पोरांना हे समजावायला मी माझंच एक वाक्य देतो, काराजूचं नव्हे: "आमच्या दुकानात सगळं मिळतं." कागदावर हे वाक्य सरकारी जाहिरातीत छापता येईल. आता 'सगळं' म्हणा आणि थांबा. डोळे डावीकडे, फळीकडे न्या. फळीवर काय आहे ते मोजा, तिथे फारसं काही नाही असं समजून. भुवई उचलू नका, ती लबाडी झाली. नुसते परत प्रेक्षकांकडे या आणि ओशाळलेल्या इमानदारीने म्हणा, "मिळतं." पाल सुटली. तपासनिसाने कागद पुन्हा तपासला तर त्यावर तीच चार शब्दांची जाहिरात आहे.

वर्गात दहातले आठ जण भुवई उचलतात. 'बघा हं, मी आता विनोद करतोय' असं सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. काराजूचं माझ्या लेखी मोठेपण हे की तो कधी विनोद करत असल्यासारखा दिसत नाही. तो अडचणीत सापडलेला, खरं बोलायचा प्रामाणिक प्रयत्न करणारा माणूस दिसतो. हसायचं की नाही, ही जबाबदारी तो आपल्यावर टाकतो. सेन्सॉरच्या राज्यात ही युक्ती फार मोलाची आहे, कारण पकडायचं तर हसणाऱ्याला पकडावं लागतं.

सिनेमाचा हिशोब जरा वेगळा आहे आणि तो प्रामाणिकपणे मांडायला हवा. 1970-71 मध्ये आलेल्या एका पोलिसी विनोदी मालिकेत तो कॅप्टन पानाईत होता. तीन चित्रपट, तुफान लोकप्रिय, आजही लोक आवडीने बघतात. पण त्याचा अर्थ असा की देशातला सर्वांत लाडका चेहरा मिलिशियाचा, म्हणजे तिथल्या पोलिसांचा, गणवेश घालून लोकांना हसवत होता. सरकारला याहून स्वस्त जाहिरात कोणती मिळणार? हे म्हटलं की काही जणांना राग येतो. पण प्रकरण अभ्यासायचं तर खात्याच्या दोन्ही बाजू लिहायला हव्यात.

1975 मध्ये मानोले मार्कुसच्या 'नट आणि रानटी' या चित्रपटात त्याने कारातासे नावाच्या रेव्ह्यू-नटाची, म्हणजे गाणी-नकलांचे विनोदी कार्यक्रम करणाऱ्या नटाची, भूमिका केली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराचा लाडका विनोदवीर कोन्स्तांतिन तनासे याच्यावरून हे पात्र घेतलेलं. हा नट रंगमंचावरून हिरव्या शर्टवाल्या फॅसिस्टांची टर उडवतो आणि त्यांच्या धमक्या झेलतो. विषय सरकारमान्य, कारण शत्रू जुना आणि हरलेला. तरी 1972 मध्ये तीन प्रयोगांत गप्प केलेला नट तीन वर्षांनी पडद्यावर गप्प न बसणारा नट साकारतोय, हे प्रेक्षागृहात बसलेल्या बुखारेस्टकराला दिसलं नसेल असं मला वाटत नाही. फट शोधली तर इतिहासातही सापडते.

निष्पत्ती

4 मार्च 1977, शुक्रवार, रात्री 9 वाजून 22 मिनिटं. व्रांचा भागात भूकंप झाला, 7 रिश्टरच्या वरचा. देशभरात 1,578 माणसं गेली, त्यातली 1,424 एकट्या बुखारेस्टमध्ये. शहरात तीसेक मोठ्या इमारती कोसळल्या, बहुतेक दोन महायुद्धांच्या दरम्यान बांधलेल्या, उंच, काँक्रीटच्या. त्यांतलीच एक कॉन्टिनेंटल इमारत अर्धवट कोसळली. काराजू तिथे राहत होता. त्या संध्याकाळी बोकनेत्स त्याच्याकडे आला होता. दोघेही जिन्यातच गेले.

काराजू 51 वर्षांचा होता. बेल्लू स्मशानभूमीत त्याला पुरलं. जिथली खुर्ची सोडून तो 1965 मध्ये निघून आला होता, त्या प्लोयेश्तच्या थिएटरला आज त्याचं नाव आहे. नववर्षाच्या रात्री त्याची जुनी मुद्रणं अजूनही लागतात. ज्यांनी तो काळ बघितला नाही तेही हसतात. कशाला हसायचं ते मात्र आजोबांना विचारावं लागतं.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिली जागा बुलांद्राची. राजधानीतलं नावाजलेलं थिएटर, डोळ्यांवर आलेला दिग्दर्शक, नवी सूत्रं जाहीर होऊन जेमतेम वर्ष, आणि निवड गोगोलच्या याच नाटकाची. नाटक छोट्या गावी आधी करून बघायला हवं होतं, आवाज न करता वीसेक प्रयोग पदरात पाडायचे होते, असं चर्चेत नेहमी कुणीतरी सुचवतं. प्लोयेश्तची 12 वर्षं पाठीशी असलेल्या काराजूला हा मार्ग माहीत नसेल असं नाही. पण मला ते पटत नाही. आडगावी केलं असतं तर आडगावच्या नगराध्यक्षाने बंद पाडलं असतं, आणि त्याला तर नाटकातलं कुंपण आपल्याच गावातलं वाटलं असतं. शिवाय दबकत केलेलं 'इन्स्पेक्टर जनरल' बघायला कोण जाणार?

दुसरी जागा लेखकांची. टीव्हीवरची पाल सगळे काराजूच्या नावावर जमा करतात. पण संहितेवर नाव लेखकाचं, आणि जाब विचारला जायचा तो आधी त्याला. थांबण्याची जागा नटाची खरी, पण थांबता येईल असं वाक्य कुणीतरी रचलेलं असतं. त्यांची नावं रुमानियाबाहेर कुणाला ठाऊक नाहीत. आपल्याकडे तरी एकपात्री प्रयोगाच्या जाहिरातीत लेखकाचं नाव कुठे शोधावं लागतं, ते बघा एकदा.

तिसरी, सगळ्यांत अडचणीची. लोक वर्षातून एकदा पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवशी रांगेत उभे राहिले. कुकरची शिटी सरकारनेच बसवलेली होती, असा आक्षेप आहे, आणि त्यात तथ्य आहे. काराजू टीव्हीवर दिसायचा कारण कुणीतरी त्याला दिसू देत होतं. याला माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच म्हणेन की त्या रात्री शेजारचाही तिथेच हसला हे भिंतीपलीकडून ऐकू यायचं, आणि आपण एकटेच असं समजत नाही हे कळणं त्या देशात क्षुल्लक नव्हतं.

चौथी जागा कलेची नाहीच, पण ती सोडली तर प्रकरण अर्धं राहील. नोव्हेंबर 1940 मध्ये बुखारेस्टला असाच मोठा धक्का बसला होता. कार्लटन नावाची नवीकोरी उंच इमारत तेव्हा पूर्ण कोसळली होती. तिच्याच पिढीच्या बाकीच्या इमारतींनी तो धक्का सोसला, म्हणून त्या भक्कम आहेत असं धरलं गेलं. सोसलेल्याला आतून काय झालं ते कुणी नीट बघितलं नाही. 1977 मध्ये ते दिसलं.

आणि 1977 नंतर? सुरुवातीला इमारतींची मजबुती करायला घेतली होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात हुकूम आला की ते काम आवरतं घ्या. बऱ्याच ठिकाणी तड्यांवर गिलावा चढला. पुढे 1980 च्या दशकात जुन्या शहराचे मोहल्लेच्या मोहल्ले पाडून चाउशेस्कूने तिथे स्वतःचा प्रचंड राजवाडा उठवला. मोडतोड जितकी जास्त.

बुखारेस्टमध्ये आज भूकंपात सर्वाधिक धोका असलेल्या इमारतींच्या दाराशी लाल गोल चकती लावलेली असते. 2015 मध्ये कायदा झाला आणि अशा इमारतींतली गर्दीची ठिकाणं बंद झाली. त्यात सिनेमागृहं होती आणि थिएटरंही.